आधी पाणी कधी येणार ते सांगा, मग ‘हरित’ म्हणा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी तरुण इंजिनिअर आहे, सोलापुरात एका कंत्राटदाराकडे नोकरीला. पूर्व भागातल्या एका रस्त्याखालची जुनी ड्रेनेज लाइन काढून नवी टाकायची, वर काँक्रीटचा रस्ता करायचा आणि कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत छोटं वाचनालय बांधायचं, असं काम आहे. निविदेत ‘शाश्वत बांधकाम’ आणि ‘जनसंवाद’ अशी दोन कलमं आहेत. साइटवर सगळ्यात नवीन तीच, म्हणून दोन्ही तिच्या गळ्यात पडली. तिने पत्रकाचा मसुदा पाठवून तीन गोष्टी विचारल्यात: आधी कुणाला भेटायचं, पर्यावरणाचं लोकांना सांगायचं कसं, आणि तारीख चुकली की लोकांसमोर जायचं कसं.

तुमचं पत्रक मी दोनदा वाचलं आणि मग ओळखीच्या एका मावशींना वाचून दाखवलं. त्या बिड्या वळतात. “सदर प्रकल्प शाश्वत विकासाच्या तत्त्वांशी सुसंगत असून त्यामुळे परिसराचा कार्बन पदठसा कमी होण्यास हातभार लागेल,” हे वाक्य ऐकताना त्यांची कात्री तेंदूच्या पानावर चालूच होती. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “ते समदं बरंय ओ. नीळ्ळु एप्पुडु वस्तायि?” पाणी कधी येणार, एवढंच. तुमच्या चार परिच्छेदांत या प्रश्नाचं उत्तर नाही. रस्ता किती दिवस बंद राहणार तेही नाही. कंपनीचं बोधचिन्ह मात्र दोन ठिकाणी आहे.

चोवीस वर्षं मी हे काम करते. सुरुवातीची सहा वर्षं साइट इंजिनिअर होते, नंतर प्रकल्प सल्लागारांकडे लोकांशी बोलण्याचं काम आपसूक माझ्याकडे येत गेलं. एवढ्या वर्षांत एक नियम हाताला लागला: दारात उभ्या असलेल्या माणसाला जे स्वतः तपासता येणार नाही, ते पत्रकात घालायचं नाही. कार्बनचा आकडा तुमच्या अहवालात लिहा, तिथे तो तपासणारा माणूस बसलेला असतो. गल्लीत मात्र ज्याला हात लावता येतो, ज्याचं वजन करता येतं, जे घड्याळ बघून ताडता येतं, तेवढंच बोला.

शब्दांचाही घोळ आहे. ‘शाश्वत’ म्हटलं की आपल्या माणसाला कीर्तन आठवतं. ‘टिकाऊ’ म्हटलं तर तो रस्त्यावर टाच आपटून बघतो आणि म्हणतो, बघू किती पावसाळे टिकतो. त्याचं ते बघणं बरोबरच आहे. दोन वर्षांत उखडणाऱ्या रस्त्याइतकं पर्यावरणाचं नुकसान कशानेच होत नाही, कारण तेवढंच सिमेंट, तेवढीच खडी पुन्हा ओतावी लागते.

आता मी स्वतः कशी तोंडावर पडले ते सांगते.

एप्रिलचा महिना होता. पूर्व भागातल्याच एका पेठेत काँक्रीटच्या रस्त्याचं काम चालू होतं. शहराला नळाचं पाणी तेव्हा चार-पाच दिवसांआड यायचं. उजनीहून येणारी जलवाहिनी शंभर किलोमीटरहून लांब, त्यामुळे कुठे गळती झाली किंवा वीज गेली की पाण्याचा वार आणखी पुढे ढकलला जायचा. आणि आमचा टँकर रोज दुपारी नव्या रस्त्यावर पाणी सोडत होता. तिसऱ्या दिवशी एक आज्जी रिकामी घागर घेऊन टँकरच्या पाइपाखाली येऊन बसल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. दहा मिनिटांत मागे वीस घागरी लागल्या.

मी काय केलं, तर सिमेंट समजावायला गेले. पाण्याशी सिमेंटची रासायनिक क्रिया कशी होते, ती अर्धवट राहिली तर ताकद कशी घटते, मानक काय म्हणतं. सगळं खरं होतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान दहा, आणि हवा कोरडी, उष्ण असेल तर चौदा दिवस मारा अशी शिफारस आहे. सोलापूरचा एप्रिल म्हणजे कोरडा आणि उष्ण यांचा नमुनाच. पण रिकाम्या घागरीसमोर उभं राहून मानक वाचणारी बाई किती हास्यास्पद दिसते, ते त्या दिवशी कळलं. एक जण मागून म्हणाला, “म्याडम, रस्त्याला चौदा दिवस रोज पाणी, आन् आमाला चार दिवसांआड?” यावर उत्तर नव्हतंच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तीन गोष्टी बदलल्या. मोकळं पाणी सोडणं बंद करून गोणपाट अंथरलं आणि ते ओलं ठेवलं, त्यावर प्लास्टिक. पाणी निम्म्याहून कमी लागू लागलं. टँकर दुपारऐवजी सूर्य कलल्यावर यायला लागला. आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी वापरायचं ठरलं. त्याची प्रयोगशाळेत तपासणी केली, क्लोराइड-सल्फेट मर्यादेत आहेत याचा कागद घेतला, मजुरांना हातमोजे दिले. टँकरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे पाणी पिण्याचं नाही. तरी त्या आज्जींनी ओंजळीत घेऊन वास घेतलाच. नाक मुरडलं, पाणी फेकलं, घागर उचलली आणि घरी गेल्या. वादही त्यांच्याबरोबरच गेला. आमच्या त्या कामातली ‘शाश्वतता’ काय होती, हे त्या गल्लीला कळलं ते त्या वासावरून.

तेव्हा तुमच्या कामावर क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं, पाणी कुठून येणार, हे आधी ठरवा आणि पहिला टँकर यायच्या आधी सांगून टाका. लोकांनी विचारल्यावर दिलेलं उत्तर कितीही खरं असलं तरी ऐकताना सारवासारव वाटते.

कुणाला भेटायचं? तुमच्या यादीत नगरसेवक, झोन कार्यालय, वाहतूक शाखा, शाळेचे मुख्याध्यापक आणि ‘ज्येष्ठ नागरिक’ आहेत. असू द्या, ते हवेतच. पण यादीत सगळ्यात वर असायला हवा तो चावीवाला. पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हची चावी फिरवणारा माणूस. कुठल्या बोळात रात्री दोनला पाणी येतं, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेलाय, कुणाच्या घरासमोर जुनी लाइन अजून भरलेली आहे, हे त्याला पाठ असतं. एका कामावर आमच्या नकाशात एकच जलवाहिनी होती. चावीवाल्याने रस्त्यावर चालत चालत पायाने तीन रेघा मारून दाखवल्या. तिसरी सापडली नसती तर जेसीबीने ती पहिल्याच दिवशी फोडली असती, आणि मग पत्रक कितीही सुंदर असतं तरी काय उपयोग?

त्याच्यानंतर बिडी कारखान्याची शाखा. बायका वळलेल्या बिड्या द्यायला आणि पान-तंबाखू घ्यायला तिथे रोज जातात, रांगेत थांबतात. रांगेतल्या बाईकडे ऐकायला वेळ असतो. संध्याकाळी सहाला मंडपात ठेवलेल्या सभेला ती येणार नाही, कारण तेव्हा तिची चूल पेटलेली असते. आणि कामगार बाईला बांधकामातलं काय कळणार, असं साइटवर कुणी म्हणालं तर त्याला कुंभारीला घेऊन जा. बिडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत तिथे उभी आहे. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगरही तिथेच, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. हप्ता, मंजुरी, ताबा, स्लॅब हे शब्द या शहरातल्या बायकांना तुमच्या-माझ्याइतकेच पाठ आहेत.

या बायकांनी मला विचारलेला एक प्रश्न कुठल्याच सभेत कुठल्याच पुरुषाने विचारला नव्हता: “जुनी लाइन काढल्यावर नवी जोडेपर्यंत संडासचं पाणी कुठं जाणार?” रचनेत त्याचं उत्तर होतं. वरच्या चेंबरमधून पंपाने उचलून खालच्या चेंबरमध्ये सोडायचं, पंप बंद पडला तर दुसरा तयार ठेवायचा. पण ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अर्धी गल्ली त्या चिंतेने लेकीबाळींना माहेरी पाठवायच्या बेतात होती. तुमच्या पत्रकात हे दुसऱ्या क्रमांकावर घाला, पाण्याच्या लगेच खाली.

मग यंत्रमागवाले. सुताचे गठ्ठे घेऊन येणारा टेम्पो आत आला नाही तर माग थांबतात आणि कामगाराचा त्या दिवसाचा पगार जातो. त्याहून नाजूक म्हणजे रंगाई. रंगवलेलं सूत उघड्यावर बांबूंवर वाळत असतं. तुमचा रस्ता फोडणारा ब्रेकर आणि मार्चचा वारा एका वेळी सुरू झाले की ओल्या सुतावर धूळ बसते आणि लॉटच्या लॉट बाद होतो. पांढऱ्या टर्किश टॉवेलच्या सुताचं तर विचारूच नका. रंगाईवाल्यांना भेटून सूत कधी वाळत घालता ते विचारा आणि खोदाईच्या वेळा त्याप्रमाणे बसवा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. त्यामुळे धूळ आटोक्यात ठेवणं तुमच्या कंत्राटात कुठेतरी लिहिलेलं असणारच. पण “आम्ही पीएम दहाचं प्रमाण नियंत्रित ठेवू” हे गल्लीत बोलून काही होत नाही. “सकाळी अकरापर्यंत ब्रेकर लावणार नाही, तेवढ्यात सूत वाळवून घ्या” हे पाळलंत तर रंगाईवाला स्वतःच इतरांना सांगतो.

साइट ऑफिसात पंचांग टांगा. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं, शोधायला लांब जावं लागणार नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि त्याआधी काही आठवडे चालणारा सराव. नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या उभ्या धरून पेलत नेतात, त्यामुळे मानकरी दोनच गोष्टी बघतात: पायाखाली खड्डा आणि डोक्यावर वायर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. १४ एप्रिल आहे, गणपती आहेत, मोहरम आहे. यातल्या कुठल्याही दिवशी तुमचा चर उघडा असेल तर तुमच्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही. उलट मंडळाच्या लोकांना महिनाभर आधी भेटून “या तारखेच्या आत इतक्या मीटरचा भाग बुजवून देतो” असं सांगितलंत, तर बॅरिकेड सांभाळायला त्यांचीच पोरं उभी राहतात.

भाषेबद्दल फार सांगायला नको. तुमच्या भागात तेलुगू हवीच. शेळगी-बाळ्याकडे काम असतं तर कन्नडचा विचार केला असता. उर्दू-दखनी बोलणारी वस्ती असेल तर तिथलाच पोरगा ध्वनिमुद्रणाला घ्या. पत्रक वाचणाऱ्यांपेक्षा मोबाइलवर ऐकणारे जास्त आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर गट करू नका. दुसऱ्या दिवशी त्यात सुप्रभात, चौथ्या दिवशी राजकारण आणि आठव्या दिवशी तुमच्यावर शिव्या. एकाच नंबरवरून सगळ्यांना रोज एक संदेश, अर्ध्या मिनिटाचा, ठरलेल्या वेळी. उत्तरं मात्र एकेकट्याला द्या.

सभेबद्दल. कायद्याने तुमच्या कामाला जनसुनावणी लागत नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे, त्यात इमारतीला पूर्वपरवानगी लागते ती बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या पुढे गेलं तर, आणि बांधकाम प्रकल्पांना त्यातही सुनावणीतून सूट आहे. तुमचं वाचनालय त्याच्या आसपासही नाही. तरी त्या सुनावणीच्या पद्धतीतून दोन गोष्टी उचला. एक, किमान तीस दिवसांची सूचना. दुसरी मला फार आवडते: सुनावणी संपताना लोकांनी मांडलेले मुद्दे आणि हरकती स्थानिक भाषेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या असतात. मी चौकातल्या छोट्या बैठकीतही हे करते. वहीत लिहिलेलं शेवटी मोठ्याने वाचते. माणूस आपलं वाक्य परत ऐकतो, “असं नाही, असं म्हणालो होतो” म्हणून दुरुस्त करतो, आणि पुढच्या वेळी ‘आमचं कुणी लिहूनच घेतलं नाही’ म्हणायला जागा राहत नाही. सोफा, हार आणि शाल यांना मात्र फाटा द्या. खुर्च्या मांडल्या की पहिल्या रांगेत कोण बसणार यावरूनच बैठक संपते.

आता तुमच्या ‘हरित’ भागाकडे येते. मसुद्यात सहा दावे आहेत. सौर दिवे आणि पावसाचं पाणी मुरवणं याबद्दल फारसं बोलायची गरज नाही, ते बांधून झाल्यावर दिसेल. कार्बनचं वर बोललेच. उरलेल्या तीन दाव्यांवर मात्र वाद होणार.

पहिला, राखेच्या विटा. सोलापूरला हा विषय नवा नाही, दक्षिण सोलापुरात फताटेवाडीजवळ ६६० मेगावॅटच्या दोन संचांचं कोळशावरचं वीज केंद्र आहे आणि राख म्हणजे काय ते इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच ‘राखेची वीट’ म्हटलं की लोकांना चुलीतली राख आठवते आणि भिंत भुसभुशीत होणार असं वाटतं. सिमेंटचं गणित तुम्हाला अहवालासाठी हवं असेल तर सरळ आहे: एक टन क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून होणारे सिमेंटचे मूळ खडे, तयार होताना नुसत्या चुनखडीतून अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. पोर्टलंड पोझोलाना, म्हणजे राखमिश्रित, सिमेंटमध्ये मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख चालते, तेवढं क्लिंकर वाचतं. हे वाचनालयाच्या दारात सांगू नका. तिथे किराणा दुकानातला काटा आणा.

मी करते ते असं. राखेची एक वीट आणि भट्टीची एक लाल वीट, दोन्ही कोरड्या, लोकांसमोर वजन करून खडूने आकडा विटेवरच लिहायचा. दोन्ही पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि बादली तिथल्याच एखाद्या दुकानदाराकडे ठेवायची, आपल्याकडे नाही. चोवीस तासांनी बाहेर काढून पुसून पुन्हा वजन. साध्या वर्गाच्या विटेने, ती राखेची असो वा मातीची, कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये असं मानक आहे. तीन किलोची वीट असेल तर सहाशे ग्रॅम. हा हिशोब चौथीतलं पोरही करतं. एकदा आमची राखेची वीट नापास झाली. सगळ्यांसमोर झाली. त्या पुरवठादाराची गाडी आम्ही तिथूनच परत पाठवली आणि त्या दिवसानंतर त्या भागात मालाच्या दर्जाबद्दल एकही अर्ज आला नाही. मुद्दाम असं नाटक करू नका, पण निकाल विरुद्ध गेला तर झाकू नका. राखेच्या विटांचा खरा दोष असेल तोही सांगा: अंग गुळगुळीत असतं, पृष्ठभाग नीट तयार केला नाही तर गिलावा धरत नाही, आणि विटा पुरेशा पक्व नसताना भिंत बांधली तर तडे येतात.

दुसरा, राडारोडा. तुम्ही लिहिलंय “बांधकाम कचऱ्याचं शास्त्रोक्त व्यवस्थापन”. लोकांनी रात्री अकरा वाजता नाल्याच्या कडेला ट्रॉली उलटी करणारे ट्रॅक्टर पाहिलेत, त्यामुळे या वाक्यावर हसू येतं. २०१६ च्या नियमांत तर मोठ्या कामांना काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असे चार ढीग वेगळे ठेवायला सांगितलं होतं. तुमचं काम छोटं असलं तरी ढीग वेगळे ठेवा, प्रत्येकावर पाटी लावा आणि पत्रकात फक्त एवढं लिहा: राडारोडा अमुक ठिकाणी जाईल, ट्रॅक्टरवर अमुक रंगाचा फलक असेल, फलक नसलेला ट्रॅक्टर दिसला तर या नंबरवर फोटो पाठवा. मग तपासणीचं काम अख्खी गल्ली करते. कंत्राटदाराला हे आवडणार नाही. तुमच्याही मालकांना नाही आवडणार, पण विचारून बघा.

तिसरा, झाड. नकाशात कोपऱ्यावरचा कडुलिंब जातोय असं दिसतं. तुमचं वाक्य आहे, “एका वृक्षाच्या बदल्यात दहा रोपे लावण्यात येतील.” हे खोडा. महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार तोडलेल्या झाडाचं वय जितकं वर्षं, तितकी झाडं लावायची. तेव्हा आधी झाडाचं वय काढा. आणि त्याहीआधी वाचनालयाचा कोपरा दीड मीटर सरकवता येतो का ते वास्तुविशारदाला विचारा. माझ्या अनुभवात तीनपैकी एकदा तरी येतो, फक्त कुणी विचारलेलं नसतं. नाहीच आला, तर रोपं कुठे लावणार त्या जागेचं नाव आणि मे महिन्यात त्यांना पाणी कोण घालणार त्याचं नाव सांगा. या शहरात रोप लावणं सोपं आहे, पहिला उन्हाळा निघणं अवघड.

तड्यांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते येणारच. खाली कुठे काळी माती, कुठे मुरूम, कुठे काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे जुन्या घरांना तडे आधीपासून असतात. ब्रेकर सुरू झाला की घरमालकाचं लक्ष पहिल्यांदा त्या तड्यांकडे जातं. काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घराचे फोटो काढा, तारखेसह. प्रत्येक तड्याशेजारी मोजपट्टी धरून. मोठ्या तड्यावर काचपट्टी चिकटवा. तडा वाढला तर काच फुटते, वाद घालायला काही उरत नाही. फोटोंची एक प्रत घरमालकाला द्या आणि सही घ्या. याला कुणी जनसंवाद म्हणत नाही, पण माझ्या मते तुमच्या अख्ख्या आराखड्यात सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप हीच गोष्ट वाचवेल.

आणि बोलण्याने काय होत नाही, तेही लक्षात असू द्या. होटगी रस्त्याच्या विमानतळाला अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली. त्याआधी कित्येक वर्षं शहर दोन बाजूंना विभागलेलं होतं: विमान हवं म्हणणारे आणि उसाचं गाळप महत्त्वाचं म्हणणारे. दोन्ही बाजूंना सगळं व्यवस्थित समजलेलं होतं. गैरसमज नव्हताच, हितसंबंध वेगळे होते. अशा ठिकाणी पत्रकं वाटून काही होत नाही, तिथे निर्णय आणि भरपाई लागते. तुमच्या रस्त्यावरही कुणाची टपरी जात असेल, कुणाची पायरी तुटत असेल. त्या माणसाला शाश्वत विकास समजावू नका. टपरी किती दिवस, कुठे आणि कुणाच्या खर्चाने हलणार ते लेखी द्या. देता येत नसेल तर तसंही सांगा आणि त्याच्या हरकतीचा अर्ज लिहायला मदत करा. मी केली आहे. वरिष्ठांची बोलणीही खाल्ली आहेत.

तारखा. तुमच्या पत्रकात एकच तारीख आहे, काम पूर्ण होण्याची, आणि ती चुकणार. तिच्याऐवजी प्रत्येक शंभर मीटरसाठी तीन तारखा द्या: खोदाई कधी, पाणी-ड्रेनेज परत चालू कधी, गाडी कधी जाणार. तिसऱ्या तारखेवर सगळ्यात जास्त भांडण होतं, कारण काँक्रीट दुसऱ्याच दिवशी दगडासारखं दिसतं आणि बॅरिकेड मात्र चार आठवडे हलत नाही. पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांची धरतात, सात दिवसांनी ती साधारण दोन तृतीयांश आलेली असते, राखेचं सिमेंट असेल तर थोडी कमीच, हे ओतायच्या दिवशीच सांगा. तरी रात्री कुणीतरी बुलेट घालतोच. आमच्या एका रस्त्यावर अजून एका कुत्र्याची आणि एका बुलेटची वाट शेजारी शेजारी उमटलेली आहे.

तारीख चुकणार हे तुम्हाला चार दिवस आधी कळलेलं असतं. चार दिवस आधीच सांगा. कारण सांगा, खरं: जुना पाइप निघाला, पावसाने चराची बाजू ढासळली, खडी आली नाही. नवी तारीख द्या. ‘लवकरच’ हा शब्द मी माझ्या हाताखालच्या सगळ्यांना बंद केलाय. आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हा फलक लावायचा असेल तर त्याखाली फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव लिहा, नाहीतर तो फलक लावू नका.

तुमच्या पत्रकाचा मजकूर मी असा केलाय, बघा पटतो का:

“आपल्या रस्त्याखालची ड्रेनेज लाइन बदलतोय. नळाचं पाणी: तुमच्या वाराला येईल; बदल झाला तर आदल्या संध्याकाळी सहाला कळवू. संडास-मोरी: एकही दिवस बंद राहणार नाही, पंप आणि जास्तीचा पंप चेंबरजवळ असेल. खोदाई सुरू: ____. गाडी जाणार: ____. सकाळी अकराच्या आत ब्रेकर नाही. रस्त्याला मारायचं पाणी शुद्ध केलेलं सांडपाणी आहे, पिऊ नका. विटेची परीक्षा किराणा दुकानात, ____ तारखेला, बघायला या. तक्रार: साइट ऑफिस, रोज चार ते सहा, इंजिनिअर ____.”

बस, एवढंच. मागच्या बाजूला हेच तेलुगूत. मजकूर छापायला टाकण्याआधी बिडी शाखेतल्या रांगेत मोठ्याने वाचून घ्या, चुका तिथेच निघतील. तारखांच्या जागा छापू नका, कोऱ्याच ठेवा आणि दारोदारी देताना पेनाने भरा. चुकली तर त्याच दारात परत जाऊन, तुमच्याच हाताने खोडून नवी लिहायची. दोन दारांनंतर पाय जड होतात, आणि मग साइटवर येऊन खडीच्या गाडीसाठी कुणाला फोन लावायचा ते बरोबर सुचतं.